इराण्याची कपबशी

गेल्या पावसाळ्यात एका कामानिमित्त नगरला जाणे झाले. शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. आमच्या जिभेला मात्र त्याची सवय अजून व्हायची आहे. बोर्डिंगात आमच्यासोबत वाढलेला आणि पुढे एस. टी. त वाहक झालेला एक मित्र भेटावयास आला. "फादर, चल, तुला एक गंमत दाखवतो," असे म्हणून तो आम्हांला सावेडीकडच्या एका नव्या हॉटेलात घेऊन गेला.

हॉटेल नवे, पण थाट सगळा जुन्या इराण्याचा. वाकविलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतींवर मोठे आरसे, गल्ल्याशेजारी काचेच्या बरण्यांतून खारी आणि नानखटाई. टेबलावरचा संगमरवर बोटाने वाजवून पाहिला, तो सनमायका निघाला. भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ सव्वादहावर थांबलेले होते. ते तसेच थांबलेले आणले असावे. चहा मात्र उत्तम होता. दाट, गोड, दूध भरपूर. याच नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात स्थानबद्ध असलेले मौलाना आझाद पहाटे उठून स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करीत. चहात दूध घालणाऱ्यांविषयी त्यांनी 'गुबार-ए-खातिर' या पत्रसंग्रहात जी नापसंती दाखविली आहे, ती पाहता त्यांनी आमच्या कपाकडे ढुंकूनही पाहिले नसते.

चहा संपला आणि मित्र उठला. रिकामी कपबशी हातात घेऊन तो हात धुण्याच्या बेसिनकडे चालू लागला. वाढणारा पोरगा धावत आला. "काका, ठेवा की तिथंच, आम्ही उचलतो." मित्र ओशाळून परत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "पन्नास वर्षं होत आली, पण हात काही ऐकत नाही."

त्याचे गाव नेवाशाकडचे. त्याच्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या दशकात, गावच्या चहाच्या टपरीत महारमांगांसाठीचे कप आत नसत. छपराच्या वळचणीला, बाहेरून हात पोचेल अशा ठिकाणी, कान तुटलेले दोन कप ठेवलेले असत. ते आपण काढावयाचे, टपरीवाला वरून चहा ओतणार; पिऊन झाल्यावर आपणच विसळून पुन्हा वळचणीला ठेवावयाचे. मित्राचे घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. परंतु बाप्तिस्मा झाला म्हणून वळचणीचा कप आत आला नाही. त्याचे वडील मुंबईस गिरणीत बदली कामगार म्हणून गेले, तेव्हा परळच्या नाक्यावरील एका इराण्याकडे ते आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलातील खुर्चीवर बसून चहा प्याले. सुटीत गावी आले की ते मुलांना राणीच्या बागेपेक्षा त्या खुर्चीचेच वर्णन अधिक सांगत.

आजच्या वाचकाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. म्हणून चहाच्या एका कपाची आपल्या प्रांतात काय किंमत होती, ते थोडे पाहिले पाहिजे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये अँग्लिकन मिशनऱ्यांनी शहरातील प्रतिष्ठितांना व्याख्यानास बोलाविले आणि नंतर चहा-बिस्किटे पुढे केली. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता मान राखण्यापुरता कप हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची यादीच 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि त्यातून ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. खुद्द रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले. सुधारकांचा अग्रणी एका कपापुढे नमला. याबद्दल त्यांना हसणाऱ्यांनी गलतीकरांस पत्रातील अंत्युखियाचा प्रसंग आठवावा: परराष्ट्रीयांच्या पंगतीतून संत पेत्रही लोकांच्या भयाने उठले होते, आणि संत पौलांना त्यांस तोंडावर बोलावे लागले होते.

पंचहौदानंतर पाच वर्षांनी, १८९५ मध्ये, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. नंतर लक्ष्मीबाई पतीकडे नांदावयास आल्या, तरी त्यांचे सोवळे आणि वेगळी चूल पुष्कळ दिवस सुटली नव्हती. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सारे निःसंकोच सांगितले आहे. धर्माच्या गोष्टी पटण्यापेक्षा पाण्याचा पेला ओठांला लावणे त्या काळी अधिक कठीण होते, हे त्या पुस्तकाइतके स्पष्ट आम्हांला दुसरीकडे कोठे दिसले नाही.

आगगाडीने हे सोवळे मोडेल असे काहींना वाटले होते. आमच्या जिल्ह्यातून जाणारा दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. डब्यात माणसे खेटून बसू लागली खरी. पण देशभर स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे राहिले. शहरांतून ब्राह्मणांच्या खाणावळी होत्या, मुसलमानांच्या वेगळ्या होत्या. जातीची ओळख न देता कोणीही जाऊन बसावे, अशी जागा नव्हती.

ती जागा इराण्यांनी केली. इराणातील याझ्द आणि केरमान या भागांतले हे जरथुष्ट्री. तेथे त्यांना जाच होता. त्यांच्यावरील जिझिया कर मुंबईच्या पारशांनी पाठविलेल्या माणेकजी लिमजी हातरिया यांच्या खटपटीने १८८२ मध्ये रद्द झाला. पुढेही माणसे येतच राहिली. हिंदू दुकानदार कोपऱ्यावरची जागा अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. दोन रस्त्यांना उघडी असलेली जागा हॉटेलास फायद्याचीच ठरली. धोबीतलावचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे, पुण्याचे गुडलक १९३५ चे. ब्रून मस्का, मावा केक, खिमा पाव आणि 'पानी कम' चहा हा त्यांचा माल. त्यातला पाव आपल्या वसईकर वाचकांस वेगळ्या अर्थाने परिचित आहे. विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटले, या कथा त्यांनी ऐकलेल्याच आहेत. तोच पाव इराण्याच्या टेबलावर ठेवला की सगळ्या जाती मुकाट्याने खात. बाटण्याची भीती भुकेपुढे टिकली नाही, की आजूबाजूला ओळखीचे कोणी नव्हते म्हणून, हे ज्याचे त्यास ठाऊक.

इराण्याने हे काही समाजसुधारणा म्हणून केले नाही. तो परका होता आणि त्याला गिऱ्हाईक हवे होते. जरथुष्ट्री समाजाला जातिभेदाचा स्पर्शच नव्हता, असेही नव्हे. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीस गेलेले डॉ. आंबेडकर एका पारशी खाणावळीत उतरले होते. त्यांची जात कळताच काठ्या घेतलेले पारशी चालून आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. आणि आमचे तरी काय? प्रभूच्या मेजाजवळ एकत्र आलेल्या आपल्या मंडळींतही सोयरिकीच्या वेळी 'मूळचे कोण' ही चौकशी होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

१९५० मध्ये राज्यघटना अमलात आली. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेशास जातीमुळे आडकाठी असणार नाही, हे तिच्या पंधराव्या कलमात नाव घेऊन लिहिले आहे. एवढ्या मोठ्या दस्तऐवजात हॉटेलाचा उल्लेख करावा लागला, तो उगीच नव्हे. १९५५ मध्ये अस्पृश्यतेबद्दल शिक्षेचा कायदा झाला. मित्राच्या गावचे कप त्यानंतर वीस वर्षांनीही वळचणीलाच होते.

जुन्याची नक्कल करण्याची हौस आता सगळीकडेच आहे. लंडनमध्ये मुंबईच्या इराण्याच्या धर्तीवर 'डिशूम' नावाचे उपाहारगृह २०१० मध्ये निघाले आणि त्याच्या आणखी शाखा झाल्या. अमेरिकेत १९५० च्या दशकातील थाटाची हॉटेले हौसेने उभारतात. त्या दशकात दक्षिणेतील अशा कित्येक काउंटरांवर काळ्या माणसाला बसता येत नसे. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या काउंटरवर जाऊन बसले. कोणी वाढले नाही, तरी दुकान बंद होईपर्यंत ते उठले नाहीत. त्या इमारतीत आता संग्रहालय आहे.

मित्राला हे सांगितले तेव्हा तो त्या चार खुर्च्यांविषयी बारकाईने विचारीत राहिला. मग त्याने दुसरा चहा मागविला आणि बशीत ओतून सावकाश प्याला. आम्ही विचारले, परळच्या त्या इराण्याचे नाव काय होते?

"वडील नुसतं शेठ म्हणायचे," तो म्हणाला. "त्यांनी त्याचं नाव कधी विचारलं नाही. त्यानंही वडिलांचं विचारलं नाही."

बाहेर पाऊस थांबला होता. मित्राने नातवासाठी पाव किलो खारी बांधून घेतली, आम्हांला पैसे देऊ दिले नाहीत, आणि आम्ही श्रीरामपूरची गाडी गाठावयास निघालो.