अंगात रक्त नाही

गेले काही महिने आम्ही भावंडं मिळून काशीदच्या घराण्याची वंशावळ जुळवतोय. (घराणं म्हणण्याइतकं मोठं काही नाही, पण थोरल्या मावशीला तो शब्द आवडतो.) पुरुषांची नावं बरीच मागेपर्यंत मिळतात. बायकांच्या रकान्यात मात्र "प्रथम पत्नी", "द्वितीय पत्नी", आणि एका ठिकाणी तर "तृतीय पत्नी". पहिलीचं काय झालं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. बाळंतपणात गेली. फार तर एखादी म्हातारी एक वाक्य जास्त सांगते, "पांढरीफटक पडली होती गो, अंगात रक्तच नव्हतं."

अंगात रक्त नाही म्हणजे नेमकं काय? बाळंत होताना रक्त जाणं वेगळं. पण ही बाई तर बाळंत होण्याच्या दोन महिने आधीपासूनच पांढरी पडत चालली होती. आमच्या पणजोबांच्या भावाची बायको. नवऱ्याबरोबर मुंबईला, परळला गेलेली आणि पहिल्याच बाळंतपणात गेलेली. गावात कुणी म्हटलं नजर लागली, कुणी म्हटलं बाळंतरोग, कुणी म्हटलं मुंबईचं पाणी बाधलं. नशिबाच्या खात्यात रक्कम जमा झाली आणि पुढच्या वर्षी दुसरी आली.

हे वाचता वाचता मी एका इंग्रज डॉक्टरीणबाईपर्यंत जाऊन पोचले. त्या बाईंनी काशीदचं नावही ऐकलं नसेल, पण मुंबईत त्या जो प्रश्न सोडवत होत्या तो अगदी आमच्या रकान्यातलाच होता.

तेव्हाचं काशीद आधी डोळ्यापुढे आणा. आज तिथे बनाना राइड आणि पार्किंगची पावती आहे. तेव्हा हे गाव जंजिरा संस्थानात होतं, राजधानी मुरुड, आणि मागचं फणसाडचं रान नवाबाचं शिकारीचं. मुंबईला जायचं तर साळावची खाडी तरीतून ओलांडून रेवदंडा गाठायचं आणि पुढे पाण्यातूनच. कोकणातली माणसं अशीच गिरणगावात पोचली. पुरुष साच्यावर, आणि बायका बहुतेक करून वाइंडिंग नि रिळिंग खात्यात. 1928 साली गिरण्यांचा तो सहा महिन्यांचा मोठा संप झाला. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता द्यावा की नाही यावर चर्चा चालली होती. डॉ. आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने बोलले होते. कायदा झाला 1929 मध्ये.

आणि 1928 मध्येच डॉ. ल्युसी विल्स मुंबईत आल्या. वय चाळीस. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकलेल्या, मग डॉक्टर झालेल्या. डॉ. मार्गारेट बाल्फर या इथे बायकांच्या आरोग्याचं काम करत होत्या, त्यांनी बोलावून घेतलं. बाळंतपणात बायका इतक्या का मरतात याची एक चौकशी सुरू होती आणि तिच्यातला रक्ताचा भाग विल्सबाईंकडे आला. बसायची जागा परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट, म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यांच्या अगदी मध्यावर.

त्यांच्यापुढे येणाऱ्या बायकांचं लक्षण असं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत दम लागतो, पाय सुजतात, जीभ सोलल्यासारखी लाल होते, तिखट सोडाच, गरम भातही तोंडात धरवत नाही. आणि रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तांबड्या पेशी संख्येने फार कमी, पण आकाराने मोठ्या.

ही "मोठ्या" गोष्ट महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबते. रक्त कमी होण्याचं आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे लोह कमी पडणं. लोह नसलं की पेशी लहान आणि फिकट होतात, पीठ कमी पडल्यावर भाकऱ्या लहान थापाव्यात तशा. मोठ्या पेशींचं गणित उलटं आहे. तिथे माल असतो, पण पेशीला दुभंगून दोन होता येत नाही. दुभंगण्याआधी पेशीला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते, आणि त्या नकलेला लागणारी एक वस्तू कमी पडलेली असते. मग पेशी नुसती फुगत राहते आणि अस्थिमज्जेतून थोड्याच, बेढब पेशी बाहेर पडतात. आज रक्ताच्या साध्या तपासणीच्या कागदावर एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तो हेच सांगतो. साधारण 80 ते 100 च्या मधे असावा. त्याच्या खाली गेला तर आधी लोहाकडे बघायचं, वर गेला तर इतरत्र. डोळ्याची खालची पापणी ओढून "रक्त कमी आहे" एवढं कळतं. कुठल्या जातीचं कमी, ते कळत नाही, आणि औषध त्या जातीवर ठरतं.

1928 मध्ये डीएनएचं हे काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच की असाच मोठ्या पेशींचा एक जीवघेणा आजार, पर्निशस ॲनिमिया, पाश्चात्य देशांत होता आणि 1926 मध्ये बोस्टनच्या मायनो आणि मर्फी यांनी तो भरपूर लिव्हर खायला घालून आटोक्यात आणला होता. (पुढे 1934 मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेलही मिळालं.) मुंबईचा आजार दिसायला तसाच. मग सगळ्यांना लिव्हर द्या की! पण लिव्हर महाग. शिवाय आमच्या घरातल्या माळकरी बायकांपुढे कलेजीची वाटी ठेवून बघा, म्हणजे अडचण कळेल.

विल्सबाईंचं मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्यांनी नुसतं रक्त पाहिलं नाही. जंतुसंसर्ग आहे का हे तपासलं आणि मग या बायका खातात काय ते विचारायला लागल्या. डॉ. तळपदे यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या जेवणाची आणि राहणीची पाहणी केली, ती 1930 मध्ये छापून आली. विचार करा, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत जाऊन "काल काय जेवलीस?" हे विचारायचं. खरं उत्तर मिळायला भाषा यावी लागते आणि समोरचीला लाज वाटू नये असं बोलावंही लागतं. तळपदे हे नाव विल्सबाईंच्या गोष्टीत फार कमी वेळा येतं, याचं मला वाईट वाटतं. पाहणीतून दिसलं ते असं, की ज्यांचं जेवण सगळ्यात निकृष्ट त्यांनाच हा आजार सगळ्यात जास्त, आणि त्यात गरीब मुसलमान बायका सर्वांत पुढे. भाज्या, फळं, दूध, मांस यांतलं काहीच पुरेसं पोटात जात नव्हतं.

म्हणजे नजर नाही, पाणी नाही. ताट.

पण हे सिद्ध कसं करायचं? आधी उंदरांना तसं जेवण घालून पाहिलं. त्यांच्यावरच्या उवांतून होणाऱ्या एका संसर्गाने तिथे घोळ घातला. मग माकडं. गरीब बायकांच्या जेवणासारखं जेवण मिळालेल्या माकडांचं रक्त तसंच बिघडलं. आणि इथे ती प्रसिद्ध बरणी येते. मार्माइट! बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून केलेला काळा, खारट, चिकट लेप. इंग्रज लोक तो पावाला लावून आवडीने खातात (का, ते त्यांनाच ठाऊक). स्वस्त होता आणि त्यात ब गटातली जीवनसत्त्वं भरपूर. तो दिल्यावर माकडं सुधारली. मग बायकांना दिला. थोड्याच दिवसांत रक्तात कोवळ्या तांबड्या पेशींची लाट आली, म्हणजे बंद पडलेला कारखाना चालू झाला. 1931 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे छापलं.

आमच्याकडे हे औषध कळलं असतं तर "दारूच्या गाळाचं" म्हणून बाटली अंगणात गेली असती, असं आई म्हणते. मला वाटतं, बाई हाताला लागली असती तर पणजीने ते कुणाला न सांगता दिलं असतं.

पुढची त्यांची पायरी जास्त हुशारीची होती. शुद्ध केलेला लिव्हरचा अर्क पर्निशस ॲनिमियाला लागू पडत होता, पण मुंबईच्या आजाराला नाही. साधा, फारसा शुद्ध न केलेला अर्क मात्र चालत होता. याचा अर्थ शुद्ध करताना काहीतरी गाळात जात होतं, आणि नेमकं तेच या बायकांना हवं होतं. म्हणजे आजार दोन, कमतरता दोन. त्या अनोळखी वस्तूला लोक "विल्स फॅक्टर" म्हणू लागले.

1941 मध्ये टेक्ससमधल्या संशोधकांनी चार टन पालकातून एक आम्ल वेगळं काढलं. लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम, म्हणून फॉलिक ॲसिड. 1945 मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. विल्स फॅक्टर तो हाच. दुसरी कमतरता होती ब-12 ची. ते जीवनसत्त्व 1948 मध्ये हाती आलं.

इथे गोष्ट संपली असती तरी पुरे होती. पण बोस्टनमध्ये सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर मुलांच्या ल्युकेमियावर, रक्ताच्या कर्करोगावर, काम करत होते. फॉलिक ॲसिडच्या जातीचं औषध दिल्यावर मुलांचा आजार उलट भडकतो असं त्यांना दिसलं. त्यांनी उलटा विचार केला. वाढणाऱ्या पेशीला हे लागतं ना? मग ते अडवलं तर? सुब्बाराव यांच्या लोकांनी फॉलिक ॲसिडसारखा दिसणारा पण पेशीला फसवणारा पदार्थ करून दिला, अमिनोप्टेरिन. 1948 मध्ये फार्बर यांनी 16 मुलांची हकीगत छापली. त्यातली 10 काही काळ सुधारली. काही काळच, पण त्याआधी या आजारात मुलं काही आठवड्यांत जात. त्याच्याच जवळचं मेथोट्रेक्सेट आजही ल्युकेमियात वापरतात. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले, वय जेमतेम त्रेपन्न.

परळच्या बायकांच्या बोटातून काढलेलं रक्त कुठवर पोचलं पाहा.

आता पुन्हा आमच्या रकान्याकडे. त्या बाईला हाच आजार होता का? आजी सांगायची की शेवटी तिला तिखट खाववेना, जिभेला झोंबायचं. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला हे खरं. पण काचेवर थेंब नाही, तर निदान नाही. तिला हिवताप असू शकेल, पोटात आकडीचे जंत असू शकतील. भातशेतीत अनवाणी राबणाऱ्यांच्या तळव्यातून ते शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात, म्हणजे ते लोहाचं दुखणं. बहुतेक वेळा दोन-तीन कारणं एकाच बाईत असत. गावाकडे तिला कुंपणाजवळचं अळू, शेवग्याचा पाला, वालाचं बिरडं यांतून थोडंफार फॉलेट मिळत असेल. परळला पालाही विकतच घ्यायचा, आणि आधी नवऱ्याला वाढायचं. उरलेली भाजी पुन्हा उकळायची, म्हणजे होतं नव्हतं तेही गेलं, कारण फॉलेट उष्णतेने आणि पाण्यात टिकत नाही. मी वंशावळीत तिच्यापुढे कारण लिहिलेलं नाही. "परळ" एवढं लिहिलंय.

ल्युसी विल्स 1933 पर्यंत ये-जा करत राहिल्या, 1937-38 च्या हिवाळ्यात दहा आठवडे पुन्हा हाफकिनला आल्या आणि 1964 मध्ये लंडनला वारल्या. लग्न केलं नाही. 2019 मध्ये 10 मे रोजी, त्यांच्या वाढदिवशी, गुगलने त्यांचं चित्र लावलं होतं.

आणि आज? भारतात 1970 पासून गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिडची एकत्र गोळी सरकार देतं. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 52 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला. गावातली आशाताई पाकीट हातात देऊन जाते. सुना ते कपाटात ठेवतात, कारण गोळीने शौचाला काळी होते, मळमळतं, आणि "मूल काळं होतं" अशी एक अफवा अजून जिवंत आहे. होत नाही हो. लोहाचा रंग तो. जेवणानंतर घ्या, वर चहा पिऊ नका, लिंबू पिळलेलं चालेल. फॉलिक ॲसिड तर दिवस राहायच्या आधीपासून घ्यायला हवं, कारण बाळाच्या पाठीचा कणा पहिल्या चार आठवड्यांतच घडतो, आईला कळायच्या आत. 1991 मध्ये हे मोठ्या चाचणीत सिद्ध झालंय.

आणि शाकाहारी मंडळींना, आमच्या पुण्याच्या काकूंसकट, एक विनंती. एमसीव्ही वाढलेला दिसला तर मनाने नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नका. कमतरता ब-12 ची असेल तर त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसा बिघडत राहतात, पायाला मुंग्या येतात त्या येतच राहतात. आधी ब-12 तपासून घ्या. काकू, तुमचा कागद मी पाहिलाय, 104 आहे.