खाशाबांना माझं एक मत

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे कॉम्प्युटरपुढे बसायला घरातून बंदी होती. असो.

परवा टोरांटोहून भाच्याचा फोन आला. हा मुलगा लहानपणी क्रिकेटवेडा होता, तिकडे जाऊन बर्फावरच्या हॉकीच्या नादी लागला. म्हणाला, "मावशी, आमच्याकडे सध्या फार भांडणं चाललीत." माझ्या पोटात गोळाच आला. मग कळलं, भांडण हॉल ऑफ फेममध्ये कोणाला घ्यायचं यावरून आहे! त्या हॉकीचं एक सन्मानदालन टोरांटोतच आहे. खेळाडूने खेळणं थांबवून तीन हंगाम झाले की त्याचं नाव विचारात घेतात. अठरा जणांची समिती असते, त्यातल्या निदान चौदा जणांनी हो म्हटलं तरच माणूस आत जातो. मग घरोघरी वाद. याचे गोल जास्त, पण त्याने चषक जिंकले, आणि तिसरा बिचारा दुखापतीमुळे लवकर संपला, त्याचं काय? भाच्याने पंधरा मिनिटं एका गोलरक्षकाची वकिली केली. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

शेवटी त्याने विचारलं, "तुला एक मत दिलं तर तू कोणाला देशील?"

मी लगेच म्हणाले, "खाशाबा जाधव."

"कोण?"

कऱ्हाडपासून हाकेच्या अंतरावर आजोळ असलेला मुलगा हा! म्हणून आजचा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी.

खाशाबा दादासाहेब जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १९२६चा. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात ते सहावे आले. ज्याने जन्मभर तांबड्या मातीत कुस्ती केली, त्याला तिथे मॅटवर उभं राहायचं होतं, हे लक्षात घ्या. १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असं सांगतात. मी स्वतः शिक्षिका होते, पण विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकण्याची छाती मला झाली नसती, हे प्रामाणिकपणे कबूल करते. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडावं लागलं, लिअँडर पेसचं. म्हणजे मध्ये ४४ वर्षं!

आता वादाचा मुद्दा. खाशाबांना पद्म पुरस्कार मिळाला नाही. साधी पद्मश्रीसुद्धा नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, आणि खाशाबा तर १९८४ साली अपघातात गेले होते.

हा विषय मी आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर काढला. आमचं देहूरोड म्हणजे छोटा हिंदुस्थान. डेपोच्या नोकरीपायी कुठकुठून माणसं आली आणि इथलीच झाली. त्यामुळे कट्ट्यावर तमिळ आहेत, उत्तर प्रदेशातले आहेत आणि आमचे पाजीही आहेत. पाजी म्हणाले, "टीचरजी, एकच तर ब्राँझ. आमच्या बलबीरसिंगने त्याच हेलसिंकीत फायनलला पाच गोल मारले. सोन्यापुढे ब्राँझ कोण बघणार?"

पाच गोल खरेच. हॉलंडला आपण ६-१ हरवलं, त्यातले पाच बलबीरसिंगांचे. त्यांना १९५७ साली पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. पण मी पाजींना दोन गोष्टी विचारल्या. बलबीरसिंग पंजाब पोलिसांत होते आणि खाशाबाही १९५५ पासून पोलिसांत होते. मग एकाची फाईल दिल्लीपर्यंत गेली आणि दुसऱ्याची का गेली नाही? दुसरं, पदकच मोजायचं तर मिल्खासिंगांना १९५९ साली पद्मश्री कशी मिळाली? ऑलिंपिक पदक त्यांना तेव्हाही नव्हतं, पुढेही मिळालं नाही. रोममध्ये चौथे आले ते १९६० साली. तरी त्यांचा सन्मान झाला तो बरोबरच झाला, कारण माणूस कुठून आला आणि कुठवर धावला हे कोणीतरी पाहिलं. खाशाबांच्या बाबतीत तसं पाहणारं कोणी भेटलं नाही. पाजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चहा मागवा."

आता द्यायचं म्हटलं तर नियम आडवा येतो. पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत. फारच योग्य माणूस असेल तर देता येतो, पण तो साधारण वर्षभरात गेलेला असावा लागतो. नियमामागचं कारण मला पटतं. नाहीतर शिवकाळापासून अर्ज येतील! पण पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले आणि खाशाबा त्यानंतर तीस वर्षं हयात होते. तेव्हा तर हा नियम आडवा आला नव्हता.

मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण पाहा. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा जवान. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्ण मिळवलं. पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. ते हयात होते म्हणून मिळाली.

खाशाबांचं अगदीच काही झालं नाही असं नाही. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव आहे, आणि २०२४ पासून १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. त्याच वर्षी कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवलं. तो तेव्हा आपल्या पुणे विभागात रेल्वेचा तिकीट तपासनीस होता. ७२ वर्षांनी महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळालं, तेव्हा टीव्हीवर दिवसभर खाशाबांचं नाव घेत होते. याच हेलसिंकीत माणगावे नावाचे आपले मल्ल फेदरवेटला चौथे आले होते. त्यांचं नाव मात्र मला त्या दिवशी ऐकू आलं नाही.

हे सगळं मी तावातावाने बोलत होते खरी, पण रात्री झोप लागेना. आमच्या शाळेत (नाव सांगत नाही) मुख्य जिन्याजवळ सन्मानफलक होता. दरवर्षी शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचं नाव पेंटर त्यावर पांढऱ्या रंगाने लिहायचा. एका वर्षी आमचा एक मुलगा पंधराशे मीटरला राज्यात तिसरा आला. शेडमध्ये राहणारा, अनवाणी सराव करणारा. पी.टी.चे सर म्हणाले, याचं नाव खाली एका ओळीत लिहू या. समितीत आम्ही पाच जण होतो. दोन हो, दोन नाही, राहिले मी. मी म्हणाले, "फलक परीक्षेचा आहे. आज याचं लिहिलं तर उद्या चित्रकलेवाले येतील." मुलगा बाहेर व्हरांड्यात उभा होता. त्याने ऐकलं असणार, दार उघडंच होतं.

भाच्याला फोनवर हे सांगितलं नाही, इथे लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी तो मला देहूरोड स्टेशनवर भेटला. केस पिकलेले, हातात डबा. वाकून नमस्कार केला आणि माझी पिशवी घेऊन पूल चढून आला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, "अजून धावतोस का रे?"

"धावतो की बाई," तो म्हणाला, "लोकल सुटायला लागली की."