शेतकऱ्यांचा व्यापारी : लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि लोखंडी नांगर

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांची नोंद प्रामुख्याने कारखानदार म्हणून घेतली जाते. तथापि त्यांच्या कारखान्याचा पहिला गिऱ्हाईक शेतकरी होता. म्हणून शेतकऱ्यांशी व्यवहार करणारा व्यापारी या दृष्टीनेही त्यांच्या कार्याचे मूल्यमापन होणे आवश्यक ठरते.

बेळगाव ते किर्लोस्करवाडी :
बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचा व्यापार केला. पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर ही त्यांची उत्पादने झाली. लोखंडामुळे जमीन नासते, या समजुतीमुळे पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान व १०,००० रुपयांचे कर्ज दिले. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. हा परिसर पुढे १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा, म्हणजेच १९६० पासूनच्या सांगली जिल्ह्यात आला.

बलुत्याकडून रोखीकडे :
लाकडी नांगर गावचा सुतार तयार करी व त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने धान्यात मिळे. लोखंडी नांगरासाठी मात्र रोख रक्कम लागे. खोल नांगरटीने कुंदा, हरळी यांसारखी तणे मुळासकट निघत. परंतु कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत त्यासाठी बैलांच्या एकाहून अधिक जोड्या जुंपाव्या लागत. साहजिकच बागाइतदार व सधन शेतकऱ्याला हे अवजार प्रथम परवडले. एकच जोडी बाळगणाऱ्या कुणब्याला सावड करणे किंवा भाड्याने नांगरट करून घेणे, एवढाच पर्याय उरे. सुताराच्या कामाचा एक भागही कारखान्याकडे गेला. नव्या अवजाराने शेती सुधारली, त्याचबरोबर गावातील आर्थिक अंतरही अधिक ठळक केले, असे म्हणावे लागते.

विक्रीचे माध्यम :
अशा मालाच्या खपासाठी गावोगावी फिरून शेतकऱ्यांचा विश्वास मिळवणे अपरिहार्य होते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटील यांनी काही काळ किर्लोस्कर नांगरांच्या विक्रीचे काम केले होते. पुढे सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातही नांगर तयार होऊ लागले. नांगरांचे दोन कारखाने चालावेत, यावरून मागणी किती वाढली होती याची कल्पना येते.

निष्कर्ष :
लक्ष्मणरावांच्या यशामागे तांत्रिक कौशल्य, संस्थानिकाचा आश्रय आणि शेतकऱ्याने दिलेली रोख रक्कम असे तीन आधार होते. पहिल्या दोहोंचा गौरव पुष्कळ झाला आहे. तिसऱ्या आधाराचा अभ्यास मात्र कोणता शेतकरी नांगर विकत घेऊ शकला आणि कोणता घेऊ शकला नाही, या प्रश्नापासून सुरू व्हावयास हवा.