अवरक्त, आकाशक, अतिसंवाहकता : तीन शब्दांची कुळकथा

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईच्या घाटांना स्पर्श करून, कराडास कोयनेला पोटात घेऊन सांगलीच्या आयर्विन पुलाखालून पुढे जाते, तेव्हा ती दोन जिल्ह्यांतून वाहिली असे आपण म्हणतो; परंतु १९४९ पूर्वी सरकारी दफ्तरात त्यांपैकी एकाची नोंदही नव्हती. संस्थाने विलीन झाल्यावर साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज, जत इत्यादी संस्थानांचा मुलूख एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा झाला, आणि १९६० साली नामांतर होऊन तोच ‘सांगली’ ठरला : नदी तीच, नाव तेवढे मागून आले. त्याच साली, ज्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे त्यांच्या जन्मकाळी साताऱ्यात होते व आज सांगलीत आहे, त्या यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापून त्याचे अध्यक्षपद वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हवाली केले.

ज्या वाई गावी प्राज्ञपाठशाळेत शास्त्रांचे अध्ययन आणि धर्मकोशाचे संपादन चालत आले, त्याच गावी मंडळाच्या मराठी विश्वकोशाची कचेरी बसली. त्यासाठी विज्ञानातील हजारो संज्ञांना मराठी प्रतिशब्द ठरविणे हे काम तसे नवे नव्हते. यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश शिवछत्रपतींनीच करविला होता. फरक एवढाच, की त्या कोशातील वस्तू दरबारात डोळ्यांसमोर होत्या, आणि वाईच्या संपादकांना ज्यांच्यासाठी शब्द मुक्रर करावयाचे होते त्यांतील कित्येक वस्तू मराठी वाचकाने कधी पाहिल्याच नव्हत्या. १९७६ साली ‘अंक ते आतुरचिकित्सा’ हा पहिला खंड निघाला. अवरक्त, आकाशक आणि अतिसंवाहकता हे तिन्ही शब्द केवळ वर्णानुक्रमाच्या कृपेने त्या एकाच खंडाच्या हद्दीत आले. आज दूरच्या ताऱ्याची ऊब टिपणाऱ्या यंत्रात याच तीन गोष्टी एकत्र नांदतात.

‘अवरक्त’ म्हणजे तांबड्याच्या खालचे. मराठीत रक्त म्हटले की प्रथम धमन्यांतून वाहणारे आठवते, त्यामुळे हा शब्द प्रथमच ऐकणाऱ्याला एखाद्या व्याधीचे नाव वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. येथे मात्र रक्त म्हणजे केवळ रंग. हिंदीशीही हा शब्द समाईक आहे. त्याचे जोडनाव विश्वकोशात ‘जंबुपार’, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचे, असे आहे. पुढे शालेय पुस्तकांतून ‘अतिनील’ आले आणि पिकल्या जांभळाचा रंग जिभेवर ठेवणारा तो सुरेख शब्द मागे पडला, याची मला हळहळ वाटते. वस्तूचा जन्म १८०० सालचा. मूळचा संगीतकार असलेल्या विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला, त्यातील निरनिराळ्या रंगांत तापमापके ठेवली, आणि तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत वर चढलेला पाहिला.

आपल्या वैशेषिक तत्त्वज्ञांनी तेजाचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत ज्याचा स्पर्श प्रकट पण रूप अप्रकट असा एक आहे, आणि त्याचे उदाहरण म्हणून टीकाकार तापलेले भाजण्याचे खापर दाखवितात. हा दाखला वाचून पूर्वजांना अवरक्त किरण ठाऊक होते असा निकाल देण्याचा मोह अनेकांना होईल. तो आवरावा. खापर तापते हे कोणत्याही स्वयंपाकघरात कळते. अदृश्य उष्णता हा प्रकाशाचाच सोदर आहे, तो लोलकातून वळतो आणि त्याचे मोजमाप घेता येते, हे तापमापक हाती धरल्यावाचून कळत नाही. तथापि त्या खापराने एक पूर्वतयारी मात्र केली होती : रूप न दिसताही तेज असू शकते हा विचार संस्कृतात आधीच घर करून होता.

‘आकाशक’ हा तिघांत मला सर्वांत प्रिय. यूरोपातील मूळ ‘अँटेना’ या शब्दाचा अर्थ गलबताच्या शिडाची आडवी काठी. पुढे तोच शब्द कीटकाच्या मिशांना आणि बिनतारी यंत्राच्या खांबाला लागला. मराठीने दोघांची फारकत केली : कीटकाला शृंगिका, यंत्राला आकाशक. शब्द हा आकाशाचा गुण असे नैयायिक मानतात, तेव्हा आकाशातून शब्द उतरवून घेणाऱ्या तारेला याहून समर्पक नाव कोणते? पण कालाने थट्टा केली. आकाशकाची लांबी पकडावयाच्या लहरीच्या साधारण निम्मी लागते. तीनशे मीटर लांबीच्या लहरीला दीडशे मीटरचा खांब, तर मानवी देहातून निघणाऱ्या, सुमारे दहा मायक्रोमीटर लांबीच्या उष्मलहरीला अवघ्या काही मायक्रोमीटरांची धातूची काडी पुरते, आणि दृश्य प्रकाशाला त्याहून कितीतरी लहान. ताऱ्याची ऊब टिपणाऱ्या यंत्रात ही प्रकाशाची आकाशके काचेसारख्या चकतीवर कोरतात आणि बंद, निर्वात, थंड भांड्यात ठेवतात. नावात आकाश असले तरी नशिबी एक खिडकी.

‘अतिसंवाहकता’ हे नाव एका गुणाचे. १९०८ साली हॉलंडमधील लायडन येथे कामर्लिंग ओनेस यांनी हीलियमचा द्रव केला, आणि १९११ साली त्या द्रवात बुडविलेल्या पाऱ्याचा विद्युत्‌रोध सुमारे ४.२ केल्व्हिनला, म्हणजे शून्याखाली २६९ अंशांवर, एकाएकी नाहीसा झाला. हिंदीने यास अतिचालकता म्हटले. आमच्या एस.टी.त चालक पुढे बसतो आणि वाहक तिकिटे देतो. तेव्हा अतिचालकता म्हणताच मराठी प्रवाशाच्या मनात खंबाटकी घाट उभा राहिला असता. संवाहक हाच शब्द बरा.

तिघांना एकत्र आणणारा चौथा शब्द ‘अभिज्ञातक’. ओळख पटविणारा तो अभिज्ञातक; शकुंतलेच्या अंगठीचे हे कुळ. नायोबियम नायट्राइडची, रुंदीने मीटरच्या कोट्यंशाएवढी तार पराकाष्ठेच्या थंडीत अतिसंवाहक स्थितीत ठेवून तिच्यातून सोसवेल तितका प्रवाह सोडतात. आकाशकाने गोळा केलेला अवरक्त प्रकाशाचा एकच कण तिच्यावर पडला तरी तेवढी जागा क्षणभर तापते, रोध पुन्हा प्रकट होतो आणि विद्युत्‌स्पंद उमटतो. अशा तारेला एकच कण पुरतो हे २००१ साली प्रयोगाने सिद्ध झाले. इतकी थंडी तारेचा तो गुण टिकविण्यासाठी लागते खरीच, पण अवरक्ताच्या बाबतीत तिचे आणखी एक कारण आहे : उबदार यंत्र स्वतःच अवरक्त प्रकाश फेकीत असते, आणि ताऱ्याकडून आलेला कण कोणता व आपल्याच भिंतीतून निघालेला कोणता, हे त्याला ओळखता येत नाही.