भाजीपाला उत्पादकांचा निधी

पिकाच्या विक्रीतून ठरावीक हिस्सा बाजूला काढून त्याच पिकाच्या संशोधनावर आणि विक्रीव्यवस्थेवर खर्च करण्याची पद्धत. ऑस्ट्रेलियात बहुतेक भाज्यांच्या पहिल्या विक्रीवर अर्धा टक्का वर्गणी कायद्याने घेतली जाते. ब्रिटनमध्ये मात्र २०२१ साली बागायतदारांनी मतदान करून अशी सक्तीची वर्गणी नाकारली.

महाराष्ट्रात हे गणित उसाला जमले. १९७५ साली मांजरीला स्थापन झालेल्या, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेला साखर कारखाने गाळपाच्या टनावर वर्गणी देतात. भाज्यांपैकी कांदा त्या वाटेवर थोडाफार गेला. नाफेड आणि तिच्यामार्फत कांदा निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यांनी १९७७ मध्ये उभारलेल्या प्रतिष्ठानाने नाशिकमध्ये काम करून ‘अ‍ॅग्रिफाउंड डार्क रेड’ हा खरीप कांद्याचा वाण दिला. पुढाकार निर्यातदारांचा होता, उत्पादकांचा नव्हे; हा फरक सहसा कोणी सांगत नाही.

ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यात तेवढेही नाही. पडघा, अंबाडी, अनगावकडे भात निघाला की भेंडी, काकडी, कारली, वांगी लागतात. ऊस कारखान्याच्या काट्यावरून जातो, म्हणून टनाचा हिशेब लागतो. भेंडीचे क्रेट पहाटे टेम्पोने कल्याणला जातात, काही वाशीला, काही थेट हातगाडीवर. वर्गणी कापायची कुठे?

पैसे कापले जात नाहीत असे नाही. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई असते. पूर्वी अडतही असे. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाल्यावरचे बाजार समित्यांचे नियंत्रण आवाराबाहेर उठवले आणि अडत खरेदीदारावर टाकली. बाजार फी आधीपासूनच खरेदीदार भरतो. ती समितीकडे जाते आणि समित्यांच्या उत्पन्नाचा काही भाग १९८४ मध्ये स्थापन झालेल्या राज्य कृषी पणन मंडळाकडे. त्यातून शेड, रस्ते, लिलावाचे ओटे होतात. बियाण्याचे काम त्यात बसत नाही.

बियाण्याचे काम दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ मुख्यत्वे सरकारी पैशावर करते. ‘कोकण तारा’ हे कारले आणि ‘कोकण हरिता’ हा दोडका तिथलेच. ठाणे जिल्हा त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. भिवंडीच्या भाजीवाल्या शेतकऱ्याला या संशोधनासाठी वर्गणी द्यावी लागत नाही. भेंडीवरच्या हळद्या रोगाचे काम आधी घ्या, असे हक्काने सांगण्याची सोयही नाही.