हरवलेल्या पॅकेटचा अर्थ: मोबाइल इंटरनेटच्या वेगाची कथा

१/ ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातील अंतर अवघे ४०० यार्ड. तरीही त्यांच्यामधील डेटाचा वेग सेकंदाला ३२,००० बिट्सवरून ४० बिट्सपर्यंत कोसळला.

२/ इंटरनेटवर माहिती लहान लहान पॅकेटांत विभागून जाते. पोच आली नाही, की प्रेषक संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. मार्ग आधीच तुंबलेला असताना सर्वांनी असे केल्यामुळे कोंडी अधिकच वाढली.

३/ याच प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला: पॅकेट हरवले म्हणजे कोंडी झाली असे समजावे, वेग तत्काळ घटवावा आणि मग हळूहळू वाढवावा. टीसीपीने हा नियम स्वीकारला आणि इंटरनेट सावरले.

४/ मात्र हे गृहीतक तारांच्या जगातले होते. बिनतारी दुव्यावर मार्ग मोकळा असूनही पॅकेट हरवते. भिंत आड येते, लहरी क्षीण होतात. अशा वेळी ते त्वरित पुन्हा पाठवणे हाच योग्य उपाय. टीसीपी मात्र विनाकारण वेग घटवी.

५/ १९९५ मध्ये बर्कलीतच या प्रश्नावर ‘स्नूप’ ही पद्धत पुढे आली. तिच्या कर्त्यांपैकी एक होते नागपूरला जन्मलेले हरी बालकृष्णन. बेस स्टेशनने पॅकेटांची प्रत जवळ ठेवायची, हरवलेले पॅकेट स्वतःच पुन्हा पाठवायचे आणि मूळ प्रेषकाला त्याची चाहूल लागू द्यायची नाही. प्रयोगांत वेग वीसपटींपर्यंत वाढला.

६/ या मदतीची एक अट होती: बेस स्टेशनला पॅकेटवरील टीसीपीची माहिती वाचता आली पाहिजे. ती माहितीच कूटबद्ध केली, तर स्नूप निरुपयोगी ठरे. वेग आणि गोपनीयता यांतील हा पेच पुढेही कायम राहिला.

७/ मोबाइल नेटवर्कने वेगळी वाट धरली. थ्रीजीच्या एचएसडीपीए सुधारणेत, पॅकेटचा आशय न वाचताच, रेडिओ दुव्यावर हरवलेला भाग पुन्हा पाठवण्याचे काम थेट टॉवरपाशी आले.

८/ यातून नवी अडचण उद्भवली. पॅकेट क्वचितच हरवू लागले, पण टॉवरपाशी त्यांच्या लांब रांगा साचू लागल्या. काहीच हरवत नसल्याने टीसीपीला कोंडीची जाणीवच होईना.

९/ २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘बीबीआर’ पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात पॅकेट हरवणे हा कोंडीचा मुख्य पुरावा राहिला नाही. दुव्याची क्षमता आणि पॅकेटच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजून वेग ठरू लागला. तिच्या कर्त्यांमध्ये एक जुने नाव होते: व्हॅन जेकबसन. आपल्याच नियमामागचे गृहीतक त्यांनी २८ वर्षांनी बाजूला सारले होते.