दातांच्या तारा आणि प्रोबायोटिक्स

वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी बसविलेल्या तारा साधारणतः दीड ते दोन वर्षे तोंडात राहतात. या काळात ब्रॅकेट आणि तारेच्या सांदीत अन्नकण अडकून जिवाणूंचा थर साचतो. त्यातील स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतो. आम्लामुळे इनॅमलमधील खनिजे कमी होऊन ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात, तर साचलेल्या थराने हिरड्या सुजतात. दात सरळ झाले, पण डाग मागे राहिले, असे त्यामुळे घडते.

या जिवाणूला आळा घालण्यासाठी प्रोबायोटिक्सचा विचार पुढे आला. पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्यास लाभ देणारे सजीव सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक्स, अशी व्याख्या २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञगटाने केली. चेन्नईतील दंततज्ज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तारा लावलेल्या ६० रुग्णांचे तीन गट केले होते. प्रोबायोटिक दही खाणाऱ्या आणि प्रोबायोटिक टूथपेस्ट वापरणाऱ्या गटांत ३० दिवसांनी ब्रॅकेटभोवतीचे म्युटन्स जिवाणू घटलेले आढळले. मात्र २०१६ मधील ग्रीसच्या अभ्यासात, दीर्घकाळ प्रोबायोटिक गोळ्या चघळूनही पांढरे डाग टळले नाहीत. जिवाणू घटले म्हणजे दात वाचलेच, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

घरी विरजलेले दही पौष्टिक असते. पण त्यातील जिवाणूंची जात आणि संख्या निश्चित नसल्याने त्याला औषध मानू नये. दही-ताक साखरेशिवाय घ्यावे. गंभीर आजारामुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांनी प्रोबायोटिक औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावातून उपचारासाठी अनेकदा छत्रपती संभाजीनगरला जावे लागते. तेथे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. दोन तपासण्यांमध्ये चार ते सहा आठवड्यांचे अंतर असते, त्यामुळे रोजची काळजी घरीच घ्यावी लागते. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत, तारेखालील फटींसाठी बारीक ब्रश वापरावा आणि प्रत्येक जेवणानंतर खळखळून चूळ भरावी. चिक्की व ऊस टाळावा. मक्याचे कणीस दातांनी न तोडता दाणे सोलून खावेत. प्रोबायोटिक्स ही या काळजीला जोड आहे, ब्रशला पर्याय नव्हे.